वाऱ्याच्या बाजूनं पेटवलेला राब

चुलत्याचा गोठा मी जाळला. बावीस वर्षं झाली, ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, चर्चच्या मंडळीत साक्ष देताना नाही, डोळे मिटून प्रार्थना करतानाही शब्दांत नाही. एका माणसाला सांगितली, पण त्याला ती आधीपासून माहीत होती. म्हणून ते सांगण्यात धरत नाही.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या अलीकडे. शेती भाताची. ज्यांना ती माहीत नाही त्यांना आधी राब सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. पावसाच्या आधी रोपांसाठी जमिनीचा एक तुकडा भाजून घ्यायचा असतो. त्यावर शेण, वाळका पाला, तोडलेल्या फांद्या, वर मातीचा पातळ थर, आणि मग तो पेटवायचा. पेटवायचा तो नेहमी वाऱ्याच्या उलट. वारा ज्या टोकाला जातो त्या टोकाला काडी लावायची, म्हणजे आग वाऱ्याशी झगडत मुंगीच्या पावलानं सरकते आणि माती खोलवर भाजते. त्याला तीन-चार तास लागतात. तेवढा वेळ हिरवी फांदी आणि पाण्याचा हंडा घेऊन बांधावर बसून राहायचं. आमच्याकडे हे पाचवीतल्या पोरालाही कळतं.

त्या दिवशी मुरबाडला मेव्हणीची हळद होती. मी सत्तावीस वर्षांचा, नवी मोटारसायकल घेतलेली. गावाच्या कडेला पाड्यावर राहणारा एक मजूर सकाळपासून आमच्याकडे राब रचत होता. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठा, पण आम्ही घरातली सगळी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला ‘दादा, तुमी’ म्हणायचा. दुपारी काम संपवून तो बांधावर बिडी ओढत बसला. राब संध्याकाळी वारा पडल्यावर पेटवू म्हणाला. मी त्याला जेवायला घरी पाठवलं. तो वळणापलीकडे गेल्यावर मी वाऱ्याच्या बाजूनं काडी लावली. तशी लावली की वारा आगीच्या पाठीवर बसतो आणि अर्ध्या तासात सगळं उरकतं. मला उरकायचंच होतं. मी निम्मंही जळेपर्यंत थांबलो नाही. मागच्या वाटेनं मोटारसायकल काढली आणि हळदीला गेलो.

आग बांधावरच्या सुक्या गवताला लागली, तिथून चुलत्याच्या पेंढ्याच्या उडवीला आणि उडवीवरून गोठ्याला. बाकीची गुरं रानात होती. आत एक गाभण गाय बांधलेली होती.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी परतलो तेव्हा गावानं निकाल लावलेला होता. बिडी. त्याची बिडी. तो म्हणत होता, मी जेवायला गेलेलो, पण ते ऐकायला कुणी थांबत नव्हतं. चुलत्यानं मला विचारलं, “तू तर पेटवला नव्हतास ना?”

मी म्हणालो, “नाय. संध्याकाळी पेटवणार होतो, पण मग मी मुरबाडला गेलो.”

एवढंच. त्याच्यावर आळ घेणारं एक अक्षर मी बोललो नाही, हे मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिलो. चुलत्यानं त्याला सगळ्यांसमोर दोन थोबाडीत दिल्या. तो खाली बघत राहिला आणि मी त्याच्याकडे. त्या पावसात त्याला कुणी लावणीला बोलावलं नाही, आम्हीही नाही. दिवाळीनंतर तो बायको आणि लहान मुलीला घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला. पाड्यावरचे बरेच जण जातात, पण उन्हाळा संपला की परततात. तो सात-आठ वर्षं परतला नाही.

परतला तेव्हा बदललेला होता. भट्टीवर कुणीतरी येऊन बायबलातलं वचन सांगायचं, त्यातून तो आणि त्याची बायको प्रभू येशूवर विश्वास ठेवू लागले होते. गावात टिंगल झाली. आता गोठा जाळायचा नाय, पाण्यात माणसं बुडवायचा धंदा शिकून आला, असं पारावर म्हणत. मीही हसलो असेन.

मग आमच्या घरी एक वाईट वर्ष आलं. बायकोचं सहाव्या महिन्यातलं मूल पोटातच गेलं आणि ती बोलायची बंद झाली. नातेवाईक चार दिवस आले, मग ज्याची त्याची कामं. त्या माणसाची बायको मात्र रोज यायची. भांडी घासायची, भात टाकायची आणि हिच्याजवळ बसायची. आम्ही बोलावलेलं नव्हतं. तिला काही द्यायला गेलं तर घेत नसे. दोन महिन्यांनी माझी बायको बोलायला लागली आणि रविवारी तिच्याबरोबर मंडळीत जायला लागली. किन्हवली रस्त्यालगत पत्र्याची एक शेड, तीस-पस्तीस माणसं, शहापूरहून बाइकवर येणारे पाळक, म्हणजे पास्टर. मी हिला परत आणायला म्हणून गेलो आणि चपलांजवळ बसलो.

त्या दिवशी साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, तोच उभा होता. म्हणाला, “देव फुकट देतो. आपल्याला फुकटचं घ्यायची सवय नाय, हीच अडचण हाय. आपण म्हंतो, थोडं काम करतो, मग घेतो. पण तो कामाचं देतच नाय.”

मला वाटलं, हा माझ्याशीच बोलतोय. मग वाटलं, याला काय माहीत.

मी विश्वास ठेवला. यात खोटं काही नव्हतं, हे मला नीट सांगायचं आहे. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं होतं, विश्वासानं होतं, आपल्या कर्मांनी होत नाही, हे पाळक सांगायचे आणि मला पटायचं. ओढ्यात बाप्तिस्मा झाला. चारचौघांत साक्ष दिली तेव्हा दारूबद्दल बोललो, रागाबद्दल बोललो. गोठ्याबद्दल बोललो नाही. तो पहिल्या रांगेत मांडी घालून बसला होता आणि मान हलवत होता.

मग मी कामाला लागलो. सतरंज्या मीच झटकायचा, पाण्याची टाकी मीच भरायचा, चहा माझा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या मरणाची आठवण म्हणून सगळे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षाचा रस घेतात. आमच्याकडे त्यासाठी काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून रस करतात. तेही काम मी घेतलं. आणि भाकर-पेला फिरायची वेळ आली की मी पातेलं घासायला मागे जायचो. भोजनाच्या आधी पाळक दर वेळी विचारायचे, कुणाशी कुणाचं तुटलं असेल तर आधी मिटवून घ्या. तेवढं कानावर पडलं की मी उठायचो. लोक म्हणायचे, भाऊ किती नम्र, सेवा करता करता स्वतःचं विसरतो. नऊ वर्षं मी सगळ्यांसाठी रस केला आणि एकदाही तो तोंडाला लावला नाही. कृपेवर आमेन म्हणायचो आणि मागच्या बाजूला पातेली घासून फेडत बसायचो.

आणखी एक. मंडळीत सगळे त्याला भाऊ म्हणायचे. माझी जीभ वळायची नाही. म्हणून मी त्याला कसलीच हाक मारायचो नाही.

दोन वर्षांपूर्वी, एप्रिलच्या शेवटी, राब भाजायला माणूस मिळेना. आताशा तरुण पोरं आटगाव-आसनगावकडे गोदामात जातात. तो म्हणाला, मी येतो. साठी ओलांडलेली, दम लागायचा. सकाळी सातला आम्ही दोघं शेतावर. त्यानं चिमूटभर माती उडवून वारा पाहिला, चालत पार पलीकडच्या टोकाला गेला आणि तिथं काडी लावली. मग आम्ही बांधावर बसलो, हिरव्या फांद्या हातात, मध्ये हंडा. आग वीतभर सरकायला बराच वेळ घेत होती. त्या संथपणानं माझा धीर सुटला.

मी म्हणालो, “काका, तो राब मी पेटवलेला. चुलत्याचा गोठा गेला तो.”

त्यानं उडालेली एक ठिणगी फांदीनं दाबली. “म्हाईत हाय.”

मला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. पण तो पुढे बोलत होता. “दुसऱ्या दिवशी मी तुझ्या शेतावर गेलतो. वरचा पाला जळलेला नि खाली शेण तसंच कच्चं. आग धावत गेलेली. आणि बिडीनं लागली असती तर बांधाकडनं लागली असती, त्या टोकाला कशी लागंल? वाऱ्याच्या बाजूनं पेटवलेला राब लपत नाय रे. आंधळा पायानं वळखंल.”

इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा मला ‘तू’ म्हणाला होता.

“मग बोललात का नाय?”

“कोणाला? तुझ्या चुलत्याला? त्याचा हात माझ्या गालावरनं निघाला व्हता का तवा?” आणि तो हसला. खरंच हसला, खोकला येईपर्यंत.

मी विचारलं, मग आमच्या घरी बायकोला का पाठवलंत. तो म्हणाला, आधीची पाच-सहा वर्षं तुझं नाव निघालं की थुंकायचो. मग भट्टीवर कळलं की आपलं सगळं माफ झालंय, आपण मागायच्या आधीच. “म्हटलं, माझं एवढं सुटलं आणि ह्याचं एक मी धरून ठेवू? सोपं नव्हतं पण. बायकोनं आधी सोडलं. मी मागनं.”

म्हणजे मी मागितली नव्हती तेव्हाही माफी झालेली होती, आणि तिच्याच शेजारी नऊ वर्षं मी चहा गाळत होतो.

मी विचारलं, आता काय करू. तो विचार करून बोलला. “तारणासाठी म्हणशील तर काय नाय. ते झालंय. भाजलेला राब परत भाजत नाय कोण. पण गावाला सांग. माझ्यासाठी नको, माझं झालं. पोरगीसाठी सांग. तिला अजून जाळ्याची पोर म्हणतात.”

मी म्हणालो, सांगतो.

त्या महिन्यात मी प्रभुभोजन घेतलं. रसात साखर कमी पडली होती, ते तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

गावाला मात्र मी सांगितलं नाही. कारणं होती. चुलता आता म्हातारा, त्याच्या-आमच्या बांधाला बांध, दोन्ही घरांचं बरं चाललेलं. शिवाय लोक म्हणतील, बघा हे प्रभूवाले कसे असतात, म्हणजे नावाला बट्टा. आणि सगळ्यांत सोयीचं कारण हे की माफ झालेलं आहे, मग उकरायचं कशाला? जी गोष्ट मी नऊ वर्षं घेत नव्हतो, ती घेतल्याबरोबर मी तिचं पांघरूण केलं.

गेल्या जूनमध्ये शाळेत पालकांची बैठक होती. पोषण आहार शिजवायला बाई हवी होती. त्याची मुलगी आता तिशीची, दोन मुलांची आई, नवरा सोडून गेलेला, म्हणून बापाकडे राहते. तिनं अर्ज केला होता. माझा धाकटा सातवीत, म्हणून मीही सतरंजीवर बसलो होतो. चुलता नातवासाठी आला होता, भिंतीला टेकून. अर्ज वाचल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, “जिच्या बापानं गोठा पेटवला तिच्या हातात शाळेची चूल देताय? आधी पाण्याचा टँकर सांगून ठेवा.”

सगळे हसले. चुलताही. ती दाराशी उभी होती. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, “मी तवा आठ वर्साची व्हते. माझ्या हातचा भात तरी खाऊन बघा.” ते हसण्यात बुडालं. मी मोबाइलकडे बघत होतो. काही आलेलं नव्हतं त्यात.

काम दुसरीला मिळालं. ही आता पहाटे टमटमनं गोदामात जाते, सांजेला येते, आणि मुलं म्हाताऱ्यापाशी असतात.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी रस केला आणि पेला फिरायच्या वेळी पुन्हा पातेलं उचलून मागे गेलो. मला वाटलं, आता हेच योग्य. थोड्या वेळानं तो भिंतीचा आधार घेत मागे आला. त्याच्या हातात भाकरीचा तुकडा आणि छोटा पेला होता. बैठकीचं त्याला सगळं कळलेलं होतं, मुलीनं सांगितलं होतं. मी म्हणालो, काका, मी पुन्हा गप्प बसलो.

“म्हाईत हाय,” तो म्हणाला. “घे. हे बोलल्याचं बक्षीस नाय, की बोलशील तवा मिळंल.”

त्यानं ते मला नाकारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी घेतलं. मग त्यानं माझ्या हातातलं पातेलं काढून खाली ठेवलं आणि मला आत घेऊन गेला.

देवाचं माझ्याकडे काही येणं उरलेलं नाही. ते त्यानंच फेडलं, यावर माझा विश्वास आहे, आणि हे लिहितानाही मी त्यात भर घालत नाही. पण त्या मुलीचं माझ्याकडे येणं आहे. शाळेच्या त्याच सतरंजीवर उभं राहून, चुलता समोर असताना, मला म्हणायचं आहे की गोठा मी जाळला, हिच्या बापानं नाही. ते मी अजून म्हटलेलं नाही.