शेवंतीवयनीचा पासवर्ड

शेवंतीवयनी माझी थोरली जाऊ. गोव्यात मांद्र्याला आमची घरं शेजारी शेजारी. तिचं चांगलं सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही, पण आज माझं डोकं फिरलंय, म्हणून तिचा भोळेपणाच आधी सांगते.

भावोजी गेल्यावर तिने माडांतल्या खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या. एकटी चादरी धुते, सकाळी पाववाल्या पोदेराकडचे गरम उंडे नि पातळभाजी वाढते. पण नवं काही करायचं म्हटलं की आधी देवळात कौल लावणार. खोल्यांत इंटरनेटवाले टीव्ही घ्यायचे का, हेही तिने रवळनाथालाच विचारलं. देवाने उजवा कौल देऊन होकार दिला, टीव्ही आले, आणि बाईने त्या मालिका-सिनेमांच्या ॲपला पासवर्ड ठेवला देवाच्याच नावाचा!

"वयनी, वाड्यावर घरोघरी हाच पासवर्ड आसा गे. कोणीय ओळखतलो," मी कपाळावर हात मारला.

"देवाच्या नावान चोरी कोण करतलो?" ती म्हणाली.

ॲपवालेही तसलेच मेले! पासवर्ड सांगेल तो घरधनी, तू कोण, कुठला, काही विचारणं नाही. मागच्या सीझनचे पाहुणे आपापल्या गावी बसून अजून हिच्या पैशांनी सिनेमे बघतात. पासवर्ड बदल म्हणून मी किती कानीकपाळी ओरडले. "देवाचं नाव पुसूचां तर कौल लावूक होयो," एवढंच तिचं उत्तर.

आणि मग श्रद्धाची अंतिम फेरी आली. श्रद्धा तिची एकुलती एक लेक, देवळातल्या भजनात गळा तयार झालेला. गाण्याच्या स्पर्धेसाठी कित्येक महिने मुंबईला. कार्यक्रम फक्त त्याच ॲपवर, तोही थेट. वयनीने त्या दिवशी पाहुणे घेतले नाहीत. तिन्हीसांजेला दिवा लावला, धुतलेली साडी नेसली आणि मला शेजारी बसवून टीव्ही लावला.

पडद्यावर पाटी आली: या खात्यावर आधीच चार ठिकाणी कार्यक्रम सुरू आहे.

"म्हणजे कितें गे?" वयनी.

"म्हणजे तुझ्या घरात तुलाच जागा नाय!" मी ओरडले. सगळ्यांना बाहेर काढायचं बटण सापडलं, पण त्याचा कोड जाणार भावोजींच्या जुन्या नंबरावर, आणि तो केव्हाच बंद पडलेला. मी पुन्हा लावलं, पुन्हा तीच पाटी. रिमोट आपटावासा वाटला.

तेवढ्यात श्रद्धाचा आवाज आला. आमच्या टीव्हीतून नव्हे, समोरच्या दत्तारामच्या खिडकीतून. मग लक्ष्मीकडून. मग सुमंगलेकडून. अख्खा वाडा लेकीचं गाणं ऐकत होता, आणि तिची आई काळ्या पडद्यापुढे हात जोडून बसलेली. नंतर बघता येतं, असं मला कुणी सांगू नका. पोर गात होती ती तेव्हा!

मी वयनीचा हात धरून तिला सुमंगलेकडे ओढत नेलं. ओटीवर पोचलो तर टाळ्या वाजत होत्या आणि जाहिरात लागली होती.

"ये गे शेवंती!" सुमंगलेने तिच्या तोंडात पेढा कोंबला. "तुझाच पासवर्ड घातलो आमी सगळ्यांनी. म्हटलां, आज तुझ्याकडे गर्दी नको, तुका सुखान बघूक मेळूक होया."

यावर कुणाशी भांडायचं, सांगा मला!

इतक्यात वयनीचा फोन वाजला. श्रद्धाच. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "आई, बघितलंस? साडी ओळखलीस ना?"

"बघितलां गे बाय," वयनी म्हणाली. मग तिने फोन पदरात धरला आणि सुमंगलेच्या कानाशी जाऊन हळूच विचारलं, "खंयची साडी नेसलेली गे ती?"