आईनं गाडी वाळवंटात घातली

माझे वडील पूर्णेला रेल्वेत गार्ड होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. नोकरीत पुष्कळ फिरले, पण सगळं रुळांवरून. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मनानं घेतलं की एकदा रस्त्यानं जायचं, वाटेल तिथं थांबत, आणि वाळवंट पाहायचं. मी परभणीत शिकवण्या घेते. नाताळात वर्ग बंद असतात आणि दाराशी माझी लहानशी गाडी होती. अण्णा, आई आणि मी, असे आम्ही तिघं सातपुडा आणि अरवली ओलांडून जैसलमेरला जायचं ठरवून निघालो.

अण्णांना गाडी चालवता येत नाही. आईला येते. तिचं माहेर चारठाण्याच्या पुढं, टेकडीवरच्या वस्तीवर. मेंढ्यांचं घर. भावाकडं जायचं म्हणजे एसटी बदलत, फाट्यावर ताटकळत जायचं. त्याला कंटाळून साठीच्या उंबरठ्यावर ती मला म्हणाली, "मला गाडी शिकव." पेडगावच्या रस्त्यावर रविवारी सकाळी आम्ही जायचो. पहिले काही दिवस ती क्लच सोडताना डोळे मिटायची. मग जमलं. लायसन निघालं आणि ती माहेरी स्वतः जायला लागली, पण शेजारी मी असायची. ती चालवणार म्हटलं की अण्णांना नेमकं काहीतरी काम निघायचं.

धुळ्याच्या पुढं सातपुड्याचा घाट लागला. सागाची पानं वाळून तांबडी झाली होती आणि मालट्रका कण्हत वर चढत होत्या. आई खिडकीला चिकटून होती. तिनं आजवर जिंतूरच्या टेकड्यांनाच डोंगर मानलं होतं. माळव्यातला हिरवागार गहू मागं पडला, उदयपूर गेलं, आणि अरवली सुरू झाली. आपल्याकडचे डोंगर काळे, माथ्यावर सपाट. हे करडे, टोकदार, एकामागं एक उभे. उतारावर सीताफळीची झाडं दिसली तेव्हा आईला घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. पुढं एका ओढ्याकाठी बैलजोडी रहाट ओढत होती आणि मडक्यांतून पाणी पाटात पडत होतं. आईनं गाडी थांबवायला लावली. आम्ही बांधावर बसून ते पाणी पाहत राहिलो. बैल फिरत होते, मडकी वर येत होती.

घाट उतरून पायथ्याच्या गावात मुक्काम केला. सकाळी पिशवी घेऊन खाली येताना ओल्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि मी उजव्या हातावर पडले. मनगट फुगलं. गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, पण त्यांनी पट्टा आवळून बांधला आणि आठवडाभर गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं.

दवाखान्याबाहेर अण्णा म्हणाले, "ड्रायव्हर बघू एखादा. न्हाईतर फिरू माघारी."

"मी हाय की," आई म्हणाली.

"तू? माहेराच्या पुढं गेलीस का कधी?"

"न्हाई गेले. पण चारठाण्याचे खड्डे चुकवता येतात, मग ह्या रस्त्याला काय झालं? लय गुळगुळीत हाय."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी चावी आईच्या हातात दिली. मला मागच्या सीटवर आडवं व्हायचं होतं, म्हणून अण्णांना पुढं बसावं लागलं. त्यांनी सीटचा पट्टा लावला आणि दारावरची मूठ घट्ट धरली.

दुसऱ्या दिवशी जोधपूर सोडल्यावर जमीन मोकळी होत गेली. शेतं विरळ झाली, घरं दूरदूर गेली, मग नुसती खेजडीची झाडं, खुरटी झुडपं आणि मधून जाणारा सरळ रस्ता. वारा सुटला की वाळूच्या बारीक रेघा डांबरावरून सळसळत पलीकडं जायच्या. एवढं आभाळ मी कधी पाहिलं नव्हतं. आईनं पदर खोचला होता. तिची नजर रस्त्यावरून हलत नव्हती. अण्णा मात्र सारखं सांगत होते, "समोर ट्रक हाय. डाव्या अंगाला उंट हाय."

"अहो, दिसायलंय मला. तुमी जरा बाहेर बघा. वाळवंट बघायचं तुमीच काढलं होतं ना?"

थोड्या वेळानं अण्णांनी मूठ सोडली, काच खाली केली आणि बाहेर पाहायला लागले.

पुढं मेंढ्यांचा मोठा कळप रस्ताभर पसरलेला होता. मागून एक ट्रकवाला भोंगा वाजवायला लागला. आईनं गाडी कडेला घेऊन बंद केली आणि ती उतरून थेट कळपात शिरली. लाल पागोट्याचा एक म्हातारा मेंढपाळ काठी टेकून उभा होता. आईनं तिच्या हिंदीत विचारलं, "किधर जाते, बाबा?"

तो म्हणाला, चारा संपला, आता कालव्याच्या बाजूला जातोय. आईनं एका मेंढीच्या लोकरीत बोटं घातली. "हमारे काले रहते. इसका बाल लंबा है," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "माझे वडीलबी दिवाळी झाली की असेच गोदाकाठी उतरायचे. बिऱ्हाड घोड्यावर, आन मी पायी." मेंढ्या मोजाव्यात की नाही, कोकरू आजारी पडलं तर काय द्यावं, असं त्या दोघांचं बराच वेळ चाललं. अर्धं एकमेकांना कळत नसावं. अण्णा गाडीला टेकून तिच्याकडं पाहत होते. शेवटी म्हाताऱ्यानं काठीनं कळप बाजूला केला, आमच्यासाठी वाट काढली आणि हात कपाळाशी नेऊन रामराम केला.

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही जैसलमेरजवळच्या वाळूच्या टेकड्यांपाशी पोचलो. उंटवाले आणि गाण्याबजावण्याची गर्दी टाळून लांबच्या टेकडीवर चढलो. चपला हातात घेतल्या होत्या. आईचे पाय मागं मागं घसरायला लागले तेव्हा अण्णांनी हात दिला. वर गेल्यावर दिसलं की पलीकडं सगळं तसंच, लाट गोठल्यासारखं, पार क्षितिजापर्यंत. सूर्य खाली गेला तशी वाळू आधी केशरी झाली, मग राखाडी, आणि पायांना गार लागायला लागली.

"लय चांगली चालवलीस," अण्णा म्हणाले. तिच्याकडं न बघता म्हणाले, पण म्हणाले.

"हात भरून आलेत," आई म्हणाली आणि बोटं वाळूत खुपसून बसली.

परतीला अरवलीच्या घाटात दाट धुकं होतं. आई दिवे लावून, वळणावळणावर हॉर्न देत सावकाश वर चढत गेली. माथ्याजवळच्या एका वळणावर आम्ही एकदम उन्हात आलो. खाली सगळी दरी पांढऱ्या धुक्यानं काठोकाठ भरलेली, त्यातून फक्त डोंगरांची टोकं वर आलेली. आईनं गाडी कडेला लावली. अण्णांनी डिकीतून डबा काढला, उरलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बॉनेटवर मांडली आणि पहिली दशमी तिच्या हातात दिली.