एका मुद्द्याची यादी

ग्लेनिस हॅरपने कॅनबरातल्या आमच्या खात्यात उभा जन्म काढला तो स्वल्पविरामांच्या मागे लागून. सरकारी कागद कसे लिहावेत याचं जाडजूड पुस्तक लिहायचं काम तिच्याकडे होतं. यादीतल्या मुद्द्यांपुढे काही नको, फक्त शेवटच्यापुढे पूर्णविराम. पुस्तकांची नावं तिरक्या अक्षरांत. आणि एका मुद्द्याची यादी होत नाही. एकच असेल तर गुपचूप वाक्यात घाला. या एका नियमापायी तिने एकदा सचिवांचा कागद परत पाठवला होता. माणूस कितीही मोठा असो, ती काही ऐकायची नाही.

नियम म्हटला की खाली उदाहरण आलं, आणि तिच्या प्रत्येक उदाहरणात नोएल असायचा. ‘नोएल मासे पकडतो, पण खात नाही.’ ‘नोएलने दार लावले; खिडकी उघडीच राहिली.’ संबोधनानंतर स्वल्पविराम द्यावा, या नियमाखाली होतं: ‘नोएल, घरी ये.’

कचेरीत सगळे तिची थट्टा करायचे. "काय गं, नोएलचं लग्न कधी लावतेस?"

"अर्धविरामाच्या प्रकरणात," ती मान वर न करता म्हणायची.

मी शेजारच्या टेबलाची, म्हणून मला तेवढं ठाऊक होतं. नोएल तिचा धाकटा भाऊ. गोल्बर्नचं आईचं घर विकण्यावरून भांडला, टाउन्सव्हिलला निघून गेला, तिथल्या नगरपालिकेत चिकटला. फोन उचलत नसे. ग्लेनिसने लग्न केलं नाही, मांजरसुद्धा पाळलं नाही. नगरपालिकांनाही आमचंच पुस्तक जायचं, आणि ती त्यावर जगत होती.

"लॉरेल, त्याला लहानपणापासून स्वल्पविराम जमत नाही," ती मला म्हणायची. "रोज आपलं पुस्तक बघावंच लागत असेल."

मी हो म्हणायचे. दुसरं काय म्हणणार?

मग फर्गस नावाचा नवा साहेब आला. त्याला उदाहरणांत माणसांची नावं नको होती. सगळीकडे ‘कर्मचारी’ घालायचं ठरलं. ग्लेनिसने स्वतःच्या हाताने एकेक नोएल पुसला. नव्या आवृत्तीत संबोधनाच्या नियमाखाली छापून आलं, ‘कर्मचारी, घरी ये.’ आम्ही पोट धरधरून हसलो. ती हसली नाही. त्या दिवशी ती डबा न उघडताच घरी गेली.

त्याच वर्षी ती निवृत्त झाली. निरोपाच्या चहाला घरचं कोणाला बोलवायचं, म्हणून फर्गसने तिच्यापुढे एक कागद ठेवला. तिने लिहिलं, ‘घरची माणसं:’ आणि खाली एक टिंब काढून, ‘नोएल’. पुढे पूर्णविराम नाही.

मला राहवलं नाही. "ग्लेनिस, एका मुद्द्याची यादी होत नाही. तुझाच नियम ना?"

"माहीत आहे गं. पण वाक्यात घातलं की संपतं. यादी असली की वाटतं, खाली अजून कोणी येईल. त्याची बायको असेल, पोरं असतील. मला काय ठाऊक?"

"आणि पूर्णविराम?"

"तो शेवटच्याला."

तिने त्याला निरोप धाडला. जागा, वेळ, सगळं कळवलं. चहाच्या दिवशी निळा कोट घालून आली, केस सेट करून. लॅमिंग्टन केक होते, सॉसेज रोल होते. फर्गसने भाषणात तिचं नाव ग्लेंडा असं घेतलं. एरवी तिने त्याला तिथेच सोलून काढला असता. पण तिचं लक्ष दाराकडे होतं. शेजारची खुर्ची तिने पर्स ठेवून अडवली होती. दार वाजलं की पर्स उचलायची, माणूस आमच्यातलाच निघाला की परत ठेवायची. मला ते बघवत नव्हतं.

सगळे पांगले तेव्हा तिचा फोन वाजला. तिने वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्यापुढे धरला.

‘ग्लेन जमत नाही मजा कर’

मला त्या माणसाचा असा संताप आला! "मेल्याला एक फोन करता येत नाही? नावापुढे एक स्वल्पविराम देता येत नाही?"

"तेच बघतेय," ती म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला होता की मला वाकावं लागलं. "त्याने पुस्तक कधी उघडलंच नाही गं, लॉरेल. एकदासुद्धा नाही."

मी तिचा हात धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला, पर्समधून तो यादीचा कागद काढला, माझ्याकडे पेन मागितलं आणि नोएलच्या नावापुढे पूर्णविराम दिला.