रुमालाखालची गुदगुली

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. दावणीला एकही बैल न उरलेला मी, त्या रुमालाच्या जोरावर औशाच्या बाजारात दलाल म्हणून उभा राहिलो. वेड पांघरून पेडगावला जायची विद्या मला चांगली येते; समोरच्याला मी येडा वाटलो की सौदा माझा. धाकट्या भावाचा येडेपणा मात्र खरा होता. त्यात नफा नव्हता.

दुष्काळात कडबा संपला तेव्हा आम्ही दोघांनी घरचा शेवटचा बैल विकला. मोकळं दावं घेऊन परतताना माझे पाय उचलत नव्हते. आईला काय तोंड दाखवायचं? वाटेत भावानं ते दावं स्वतःच्या गळ्यात अडकवलं.

"दादा, ह्यो घेता का? दात शाबूत हायेत. कडबा लागत न्हाई, नुसत्या तुमच्या शिव्यांवर जगतोय."

मी चिडलो. त्यानं माझ्या हातावर रुमाल टाकला आणि भाव सांगायच्या ऐवजी तळहाताला गुदगुली केली. भर उन्हात, रस्त्यावर, आम्ही पोट धरून हसलो. म्हणून त्या दिवशी घरात शिरता आलं.

पुढं लातूर जिल्हा झाला त्या साली देवणी बैलजोडीचा मोठा सौदा होता. गिऱ्हाइकाकडून दलाल मी, मालकाकडून भाऊ. रुमालाखाली त्यानं पुन्हा तेच केलं. मला हसू फुटलं. गिऱ्हाइकाला वाटलं, दोघं भाऊ मिळून आपली टर उडवतायत. तो उठून गेला.

"येड्या, पुन्हा माझ्या हाताला हात लावू नकोस!" मी सगळ्या बाजारासमोर ओरडलो.

त्यानंतर भाऊ बाजार सोडून लोह्याला सासुरवाडीकडं जाऊन शेती करू लागला. सौदा त्यानंच मोडला, हे मी आजही म्हणतो. पण नंतर रुमालाखाली किती हात आले, सगळे शहाणे.

परवा न राहवून लोह्याला गेलो. तो अंगणात बसला होता. शेजारी बसून मी त्याच्या हातावर रुमाल टाकला.

"भाव बोल."

"बैल कुठाय?"

"म्या हाय की. लई मारका हाय, पण म्हातारा झालाय."

तो हसला नाही. बाजारातल्या परक्या माणसासारखी त्यानं माझी तीन बोटं नीट दाबली आणि थांबला. सौदा पटला की हात सोडायचा असतो. मी सोडला नाही; रुमालाखाली तळहात तसाच उघडा ठेवून बसलो.