मधला ठिपका

कृष्णकांतबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची तर त्याचं अक्षर वळणदार होतं. झालं, चांगलं संपलं. आता बाकीचं सांगते.

आमच्या सक्करदऱ्यात तो आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मग फ्लेक्सचे दिवस आले आणि त्याने ब्रश टाकून कॉम्प्युटर घेतला. चौकात कोणाचाही वाढदिवस असो, कापड कृष्णकांतच्या दुकानातून यायचं. ज्याचा वाढदिवस तो मधात, हात जोडून, डोळ्यांना काळा चष्मा. बाकीचे शुभेच्छुक कडेने गोल गोल चकत्यांत. एकदा एका घरच्या काकांची चकती नेमकी विजेच्या खांबामागे गेली आणि काका दिसेनासे झाले. ते तक्रार घेऊन गेले, तर हा म्हणाला की कडेला असंच राहते, दिसायचं असेल तर पुढच्या वर्षी मधात या. काका आल्या पावली परत फिरले. कृष्णकांतला वाटलं, आपण मोठी गोष्ट बोललो. एवढ्या भांडवलावर त्याने उरलेला जन्म काढला.

चार पोस्टर लावणारा माणूस पुढे वेबसाइटवाला कसा झाला, हे आमच्या समाज मंडळाला विचारा. मी मंडळाची सहचिटणीस, तेव्हा मलाही विचारा. दरवर्षी आम्ही उपवर मुलामुलींचा परिचय मेळावा घेतो. अध्यक्ष भैयाजींच्या डोक्यात आलं की यंदा पुस्तिका नको, वेबसाइट करू. कृष्णकांत मंडळाचाच सभासद, त्याची रितिकाही लग्नाची, म्हणून काम त्याच्याकडे गेलं. बैठकीत त्याने छाती फुगवून सांगितलं की वेबसाइट म्हणजे खिशात मावणारा फ्लेक्स. सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्या मंडळात मान हलवायला अक्कल लागत नाही.

भैयाजींनी आणखी एक सुधारणा केली. स्टुडिओत जाऊन पोरी फोटो गोरे करून आणतात आणि मग पाहणाऱ्यांची फसगत होते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सुटे फोटो बंद. सगळ्या मुलींना स्टेजवर एका ओळीत उभं करायचं, एकच फोटो काढायचा, आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावर एक ठिपका ठेवायचा. ठिपका दाबला की नाव, शिक्षण, उंची, गोत्र उघडणार. मुलांचं पान वेगळं, तेही तसंच. फसगत टाळायला काढलेली ही युक्ती, लक्षात ठेवा.

मेळाव्याच्या दीड महिना आधी फोटोसाठी सात मुली स्टेजवर उभ्या राहिल्या. कृष्णकांतने रितिकेला हात धरून बरोबर मधात उभं केलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. अगदी डाव्या टोकाला नंदिनी होती आणि तिच्या शेजारी भूमिका. भूमिका गोरीपान, फोटोत उठून दिसणारी. नंदिनी सावळी, चष्मेवाली, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. ती माझ्या शेजारच्या चंपतरावांची मुलगी. चंपतराव खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, पत्नी गेलेली, बोलणं मुळातच कमी. पोरीचं नाव मेळाव्यात द्या म्हणून त्यांच्या मागे मीच लागले होते.

कृष्णकांतने फोटो पानाच्या मागे पसरला आणि त्यावर ठिपके ठेवले. कुठे ठेवायचे ते त्याने फ्लेक्सच्या रीतीने ठरवलं, कापडाच्या कडेपासून इतकं आत, तितकं वर. फ्लेक्सवर ते चालतं, कारण तिथे कापड आणि चित्र एकच. त्याच्या दुकानातल्या भल्यामोठ्या पडद्यावरही चाललं. पण फोन अरुंद आणि फोटो लांब. पान भरायचं म्हणून फोनवर फोटो दोन्ही बाजूंनी कापला जायचा आणि मधलाच भाग दिसायचा. ठिपके काही फोटोला बांधलेले नव्हते, ते पडद्याला बांधलेले. पडदा अरुंद झाला की सातही ठिपके दाटीवाटीने आत सरकायचे. कोणाचा ठिपका कोणाच्या कानावर, कोणाचा दोघींच्या मधल्या मोकळ्या जागेवर. नंदिनीचा ठिपका मात्र थेट भूमिकेच्या कपाळावर जाऊन बसायचा. आणि नंदिनी स्वतः फोटोच्या बाहेर. फोनवर ती नव्हतीच.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं ते नरखेडकडच्या पाहुण्यांमुळे.

संत्र्याच्या बागा असलेलं घर, मुलगा शेतकी पदवीधर. त्यांनी फोनवर नंदिनीची माहिती पाहिली, पसंत पडली म्हणाले आणि रविवारी गाडी करून चंपतरावांकडे पाहायला आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. मामाने संत्र्यांचं एक खोकं आणून दिवाणखान्यात ठेवलं. मी पोहे केले होते. नंदिनी ट्रे घेऊन आली, सगळ्यांना दिले, नमस्कार केला आणि समोरच्या खुर्चीवर बसली. मुलाच्या आईने पोहे खाल्ले, पाणी घेतलं, आतल्या दाराकडे दोनदा पाहिलं, आणि म्हणाली, "आता पोरीले बोलवा नं."

चंपतराव उठले आणि पुन्हा बसले. नंदिनी म्हणाली, "मीच."

बाईंनी पर्समधून फोन काढला. स्वतः पाहिला, मामाला दाखवला, मग माझ्या हातात दिला. वर भूमिकेचा हसरा चेहरा, खाली नंदिनीचं नाव. बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या की ही पोरगी कोणाची, तिचा नंबर असेल तर द्या. मुलगा मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता, त्याला शेतकी पदवी कोणी दिली देव जाणे. जाताना मामाने आठवणीने संत्र्यांचं खोकं उचलून गाडीत ठेवलं.

नंदिनी रडली नाही. कपबशा विसळताना तिने मला सांगितलं की मी मेळाव्याला येईन, पण माझ्या नावावर माझंच तोंड असेल तर. नाहीतर बाबांना यापुढे कोणासमोर बसवायचं नाही. मुलगी आयुष्यात दुसरं काही मागत नव्हती, स्वतःचं तोंड मागत होती. मला त्या क्षणी कृष्णकांतचा इतका राग आला की ओल्या हातानेच फोन लावला.

तो म्हणाला, पाहुण्यांचा फोन जुना असेल. मी म्हटलं, माझ्याही फोनवर तसंच आहे. तर म्हणाला, तुमचाही जुना असेल. नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथे तर गावभरची अंगणं वाकडी.

मेळाव्याआधीच्या बैठकीत मी विषय काढला. कृष्णकांत पाच मिनिटांत सिद्ध करतो म्हणाला, आणि खरोखरच त्याने एकेकाचा फोन मागून घेतला. भैयाजींचा फोन घेतला, पान उघडलं, ठिपका दाबला, "रितिका. बरोबर हाय." चिटणिसांचा घेतला, दाबला, "रितिका. बरोबर हाय." खजिनदारांचा, माझा, चहावाल्याचासुद्धा. प्रत्येक फोनवर रितिकेच्या चेहऱ्यावर रितिकेचं नाव. भैयाजी माझ्याकडे बघून कीव केल्यासारखे हसले.

मी त्याच्या बोटाकडे बघत होते. बोट दर वेळी मधातच जात होतं. फोटो दोन्ही बाजूंनी कितीही कापा, मधली जागा हलत नाही. पडदा रुंद असो की अरुंद, त्याची पोरगी जागच्या जागी. महिनाभर त्याने हे पान शंभर जणांना दाखवलं असेल, आणि महिनाभर हा गृहस्थ स्वतःच्याच मुलीचा ठिपका दाबून सगळ्यांच्या मुली बरोबर आहेत असं समजत होता.

मी म्हटलं, "कृष्णकांत, डाव्या टोकाचा दाब."

त्याने दाबला. नंदिनीचं नाव, भूमिकेचं तोंड. सगळ्यांनी पाहिलं. चंपतराव कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते, त्यांनीही. कृष्णकांतने फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. वाटलं, आता चुकलं म्हणेल. पण चूक कबूल करायला माणसाला आधी ती दिसावी लागते.

"आता टोकाले उभी राहिली त असंच होईन नं," तो म्हणाला. "तिले टोकाले काहून उभं केलं?"

यावर भैयाजी म्हणाले की मुद्दा बरोबर आहे. असे आमचे अध्यक्ष. नावनोंदणीच्या टेबलावर रितिका बसली होती. तिने मान वर करून बापाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

नव्या नोंदण्या आल्या होत्या, दोघींची लग्नं ठरली होती, म्हणून मेळाव्याच्या दिवशी सकाळी फोटो पुन्हा काढायचा होता. सभागृह भरलं होतं. नंदिनी आली. मीच तिला आणलं, सगळं नीट करून घेईन या शब्दावर, आणि तो शब्द कसा पाळायचा हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं. मुली स्टेजवर चढल्या, पुन्हा सात. नंदिनी आपल्या सवयीने टोकाला गेली. मधली जागा रितिकेसाठी मोकळी सोडलेली, जणू नाव लिहिलेली खुर्चीच. रितिका चढली, मधून सरळ चालत गेली आणि नंदिनीच्याही पलीकडे जाऊन उभी राहिली. ओळ आपोआप सरकली.

खालून कृष्णकांत हातवारे करायला लागला. "रितू, मधात ये. इकडं, मधात."

"इथंच बरी हाय, पप्पा. काढा फोटो."

फोटो निघाला. लोक ताटकळले होते, भैयाजी माइकवरून नव्या फोटोची घोषणा करून बसले होते, तेव्हा कृष्णकांतने तिथेच लॅपटॉप उघडून नवा फोटो जुन्याच्या जागी टाकला. ठिपके होते तिथेच, फक्त नावं खालीवर केली. दुरुस्ती म्हणून त्याने केलं ते एवढंच. मग झालं म्हणून हात झटकले, खिशातून आपला फोन काढला आणि रितिकेचा ठिपका दाबला.

नाव आलं रितिका. वर तोंड नंदिनीचं.

त्याने पान बंद करून पुन्हा उघडलं. भैयाजींच्या हातातला फोन जवळजवळ ओढून घेतला. तिथेही तेच. बोटाने फोटो डावीकडून ओढून पाहिला, तो काय ओढला जातो. सभागृहातल्या शेकडो फोनवर या घडीला त्याच्या मुलीच्या नावाखाली दुसऱ्याची मुलगी उभी होती, आणि त्याची मुलगी कुठेच नव्हती. पहिल्यांदाच त्याच्या आवाजातून तो फ्लेक्सवाला गेला.

"माझी पोरगी कुठं गेली?" तो म्हणाला. "हे काय होऊन राहिलं? माझी पोरगी दिसूनच नाही राहिली."

स्टेजवर मुलींची ओळ अजून तशीच होती आणि टोकाला रितिका सगळ्यांना स्पष्ट दिसत होती. तेव्हा मागच्या रांगेतून चंपतराव उठले, चालत पुढे आले आणि त्याच्यासमोर उभे राहिले. पाहुणे परत गेले त्या दिवसापासून ते या विषयावर कोणाशी बोलले नव्हते.

"आता पोरीले बोलवा नं, कृष्णकांत," ते म्हणाले.

कृष्णकांतने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग लॅपटॉप उचलून स्टेजच्या मागे गेला. कोणाला तरी फोन करून काहीतरी विचारत होता, कागदावर रेघा मारत होता. पंगत बसायच्या आत फोनवर अख्खा फोटो दिसायला लागला होता, लहान पण पुरता, आणि ठिपके पडद्याला नव्हे, फोटोलाच बांधलेले. फोन उभा धरा, आडवा धरा, सातही जणी आपापल्या नावाखाली.

म्हणजे दोन तासांचं काम होतं. महिनाभर त्याला गरज पडली नव्हती, एवढंच.

नंदिनीने आपला ठिपका दाबून पाहिला, फोन पर्समध्ये ठेवला आणि रितिकेला जेवायला घेऊन गेली.