फाटकाच्या चित्रात मावशी राहून गेली

मंडळी, माझं पुस्तक छापून आलं! बालगृहात वाढलेल्या माझ्या लहानपणाची गोष्ट, सगळी चित्रांतून. पहिली प्रत घेऊन आज सकाळीच नागावला सुनंदामावशीकडे धावले. आमच्या बालगृहात तीच स्वयंपाक करायची.

तिला आवडेल ना, असा विचार करतच पुस्तक तिच्या हातात दिलं. स्वतःचं चित्र बघून ती खो खो हसली. "एवढी जाडी होते व्हय मी?"

मग एका पानावर थांबली. रविवारी कुणीतरी भेटायला येईल म्हणून फाटकाशी एकटीच बसलेली मी.

"एकटी न्हाय गं. मी खिडकीतून बघत असायचे. तू आत आल्याबिगर कधी जेवले न्हाय."

हे मला आज कळलं! पुढच्या आवृत्तीसाठी ते पान पुन्हा काढायला बसलेय, खिडकीसकट.

तुमच्यावरही असं कुणाचं लक्ष होतं का?