बेसांव

आईला कुमसार हवा होता. कुमसार म्हणजे फादरपुढे पापं कबूल करून देवाची माफी मागणं. आई सावंतवाडीकडची, सगळा जन्म महाडात गेला तरी तिकडचे शब्द तिने सोडले नाहीत. डॉक्टरांनी हात टेकले होते. आणि महाड-पोलादपूर भागात आमच्यासाठी येणारा फादर एकच, तो मला दारात नको होता.

त्याच्या आधीच्या गावात माझी मावसबहीण राहते. तिथल्या एका शाळकरी मुलीच्या आईने त्याच्याविरुद्ध तक्रार केली. चर्चच्या वरच्यांनी तिला ‘प्रार्थना करा’ म्हणून घरी पाठवलं आणि याची बदली केली इकडे. आम्ही इथली चार घरं म्हणजे काय उकिरडा? तेव्हापासून तो मिस्साच्या प्रार्थनेला आला की मी शेवटच्या बाकावर दातओठ खात बसायचे. जायचे मात्र न चुकता. मिस्सा काय त्याच्या बापाची आहे?

मी घाटावरच्या एका म्हाताऱ्या फादरांना फोन केला. बिचारे लगेच निघालेही. पण आंबेनळी घाटात दरड आलेली, रस्ता बंद. लांबच्या वाटेने यायचं तर दुसरा दिवस उजाडणार, आणि आई तोवर टिकेल असं वाटेना.

शेजारच्या काकू कुडपणच्या. आईचे पाय चोळता चोळता म्हणाल्या, “बोलाव गो त्या तुमच्या फादरला. जीव अडकलाय तिचा, दिसत नाय तुला?”

मी आईच्या कानाशी वाकले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, ऐकून तीच नको म्हणेल. तिने डोळे मिटले. मग हळूच म्हणाली, “माका म्हायत आसा. कुमसार देवाचो. तू बोलव त्याका.”

तो आला. आम्ही बाहेर थांबलो. लोटलेल्या दारामागून आईचं पुटपुटणं ऐकू येत होतं, मधेच त्याचा आवाज. काकूंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं, नाहीतर मी आत घुसले असते. मग त्याने मला बोलावलं. तिच्या कपाळाला, तळहातांना पवित्र तेल लावलं. कम्युनियनच्या पवित्र भाकरीसाठी तिने नेहमीसारखी जीभ पुढे केली. हातावर घ्यायची नवी रीत तिने कधी मानली नाही.

सगळं उरकलं आणि त्याने सवयीने हात पुढे केला. आमच्याकडे फादरच्या हाताचं चुंबन घेऊन आशीर्वाद मागतात, त्याला बेसांव म्हणतात. लहानपणी मी विसरले की आई मला चिमटा काढायची.

आईने दोन्ही हात चादरीत घेतले.

“बेसांव, आई,” तो म्हणाला. तिला दिसलं नसेल असं त्याला वाटलं असावं.

फादरांशी आई नेहमी शुद्ध बोलायची. तेव्हाही तशीच बोलली, एकेक शब्द सुटा करून. “माझा कुमसार झाला, फादर. आता तुम्ही त्या मुलीच्या आईकडे जा. तुमचा तिथे.”

त्याने हात मागे घेतला. तेलाची डबी खिशात टाकली आणि चपला शोधत बाहेर गेला. काकूंनी त्याला चहाचं विचारलं, त्याला ते ऐकूच गेलं नाही.

आईने चादरीतून हात काढला आणि माझ्यापुढे केला. तळहाताला अजून त्यानेच लावलेलं तेल होतं. मला शिसारी आली. तरी मी वाकले आणि तिथेच ओठ टेकले.